गुणाच्या मापाचे बाण

वेळूखेडं म्हणून एक गाव होतं. तिथे शहाणी माणसं पुष्कळ होती आणि भोळा एकच होता. त्याचं नाव हरबा.

हरबा आळशी नव्हता. आळशी असता तर बरं झालं असतं. सांगितलेलं काम तो त्याच दिवशी करायचा आणि सांगितलं तसंच करायचा. एकदा शिकलेली गोष्ट तो कधी विसरत नसे. ती गोष्ट कुठे वापरायची, एवढंच त्याला कळत नसे.

त्याची बायको गुणा. ती सुपं आणि टोपल्या विणायची. तिच्या हातच्या टोपलीत पाणी भरलं तरी थेंब गळायचा नाही, असं आजूबाजूच्या गावांत म्हणत. घरात तिसरी हरबाची सासू, चिमाबाई. त्यांचे गुडघे गेलेले होते. काठीशिवाय दोन पावलं चालवत नव्हतं.

सुपांना वेळू लागतो आणि वेळू होता गावच्या बनात. त्या बनाची एक रीत होती. जत्रेच्या दिवशी बनाच्या तोंडाशी खडे भरलेला एक सुका भोपळा टांगायचा. प्रत्येक घराने एक नेमबाज उभा करायचा. त्याने तीन बाण मारायचे. ज्याच्या बाणाने भोपळा फुटेल, त्याच्या घरचं एक माणूस दुसऱ्या दिवशी कोयता घेऊन बनात जाणार. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत जेवढा वेळू ते माणूस बाहेर काढेल, तेवढा त्या घराचा. बाकीची घरं त्यानंतर, चिठ्ठ्या टाकून. गेली दोन वर्षं गुणाच्या घराची चिठ्ठी शेवटची निघाली होती. शेवटच्याला बनात फक्त साप सापडतो.

त्या दोन्ही वर्षी नेमबाज म्हणून हरबा उभा राहिला होता. पाटील म्हणाले, "हरबा, नेम धरून उभा राहा." तो उभा राहिला. बाण सोड असं कोणी म्हणालं नाही, म्हणून त्याने सोडला नाही.

यंदाही वेळू मिळाला नाही तर घराला कुलूप लावून गुणाच्या भावाकडे राहायला जायचं, एवढंच उरलं होतं. भाऊ चांगला होता. वहिनी भाकऱ्या मोजून वाढायची आणि मोठ्याने मोजायची.

म्हणून यंदा गुणाने स्वतःच उभं राहायचं ठरवलं. तिच्याकडे वडिलांनी दिलेलं धनुष्य होतं. लहानसं, दोन्ही टोकं पुढे वळवलेलं आणि ओढायला अगदी हलकं. नेमही तिचा लहानपणापासून चांगला. बाण तेवढे नव्हते. जुने बाण भुंग्याने पोखरले होते.

आणि इथे दुसरी रीत आडवी आली. नेमबाजाने आपले बाण आपण आणायचे नाहीत. घरच्या माणसाने आणायचे. नाहीतर देवाला वाटतं, याचा घरच्यांवर विश्वास नाही. ही रीत ज्याने पाडली, त्याच्या घरची माणसं शहाणी असणार.

गुणाने आईच्या गुडघ्यांकडे बघितलं. मग नवऱ्याकडे बघितलं. म्हणाली, "अहो, नारूबांकडून तीन बाण आणा. चांगले बघून आणा."

नारूबा म्हणजे गावचे बाणकरी. डोळ्यांना कमी दिसायचं, पण बोटांनी काडी ओळखायचे. त्यांनी विचारलं, "कोणत्या धनुष्याला पाहिजेत?"

"चांगल्या," हरबा म्हणाला.

"चांगलं धनुष्य गावात जालिंदरचं," नारूबा म्हणाले. जालिंदर म्हणजे पाटलांचा पुतण्या. त्याचं धनुष्य एवढं जड होतं की ते ओढताना त्याचे डोळे बाहेर यायचे. नारूबांनी त्याच्या बाणांतले तीन काढून दिले.

हरबा ते घेऊन घरी आला. गुणाने एक हातात घेतला. तो बाण कसला, नांगराचा दांडाच. तरी तिने अंगणात एक सोडून बघितला. बाण सुटताना जरासा वाकतो आणि धनुष्याला वळसा घालून सरळ जातो. हा वाकेचना. हलक्या धनुष्याचं त्याच्यापुढे काही चाललं नाही. तो सरळ न जाता डावीकडे गेला. डावीकडे चिमाबाई काठी आडवी धरून बसल्या होत्या. काठीचे दोन तुकडे झाले. चिमाबाईंचे झाले नाहीत.

"अहो, तसे नव्हते आणायचे," गुणा म्हणाली. "हलक्या धनुष्याला ताठ बाण चालत नाही. घेताना दोन्ही टोकं धरून वाकवून बघायचं. सहज वाकेल तेच घ्यायचं."

"बरं," हरबा म्हणाला. "आता ध्यानात ठेवतो."

आणि हरबाने ध्यानात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. गुणा म्हणाली, "आधी आईला काठी आणा. बाणांचं मग बघू."

हरबा काठीवाल्यासमोर बसला. एकेक काठी घेऊन दोन्ही टोकं धरून वाकवायला लागला. वीस काठ्या झाल्या.

"पाव्हणं, काय बघताय?" काठीवाल्याने विचारलं.

"वाकते का ते."

"वाकणारी काठी? ती कोणाला?"

"सासूला."

काठीवाल्यालाही सासू होती. त्याने पुढे काही विचारलं नाही. ढिगाच्या तळातून एक ओली, कोवळी काठी काढून दिली आणि दोन पैसे कमी घेतले.

चिमाबाई ती काठी टेकून उठल्या. त्या पुढे झुकल्या. काठी त्यांच्याही पुढे झुकली. चिमाबाई गव्हाणीत बसल्या. बैलाने थोडी जागा करून दिली.

"जावईबापू," त्या आतून म्हणाल्या, "मी तुमचं काय वाईट केलं होतं?"

"काहीच नाही, मामी. सहज वाकेल तेच घ्यायचं असतं."

गुणाने आईला बाहेर काढलं, लुगड्यावरचा कडबा झटकला. मग म्हणाली, "अहो, तसं नव्हतं करायचं. काठीला माणसाचा भार पेलावा लागतो. आपला सगळा भार तिच्यावर टाकून बघायचा. मोडली नाही तरच घरी आणायची."

"बरं. आता ध्यानात ठेवतो."

आणि हरबाने ध्यानात ठेवलं.

जत्रा चार दिवसांवर आली. या वेळी गुणाने शब्द मोजून सांगितले. "नारूबांना म्हणा, गुणाच्या हलक्या धनुष्याचे नरम बाण द्या. एवढंच म्हणा. आणखी काही म्हणू नका."

हरबा तेवढंच म्हणाला. नारूबा खूश झाले. त्यांनी माळ्यावरून एक जुनी जुडी काढली. बारा बाण होते. बारीक, पिवळे, चवळीच्या शेंगेसारखे. तीन निवडून त्यांनी हरबाच्या हातात ठेवले.

हरबाने दोन दगड शोधले. एक बाण त्यांच्यावर आडवा ठेवला. त्यावर उभा राहिला. कट्.

"हा नको," हरबा म्हणाला. दुसरा ठेवला. कट्. तिसरा ठेवला. कट्.

"दुसरे दाखवा, नारूबा. हे घरी नेण्यासारखे नाहीत."

नारूबांना वाटलं, अंगणात कोणी तुऱ्हाट्या मोडतंय. त्यांनी जुडीच पुढे केली. आणखी सहा वेळा कट् झाल्यावर त्यांना शंका आली. त्यांनी हात पुढे करून चाचपलं. हाताला हरबाचे पाय लागले.

"अरे, बाणावर उभा राहिलास?"

"सगळा भार टाकून बघायचा असतो. तुमचा एकही बाण पेलत नाही, नारूबा. रागावू नका, पण माल कच्चा आहे."

नारूबा रागावले. त्यांनी उरलेले तीन बाण छातीशी धरले. "हलक्या धनुष्याचे एवढेच राहिले. गावात सगळी धनुष्यं जड. असली नरम काडी तुझ्या बायकोशिवाय कोणी फुकट दिली तरी घेत नाही, म्हणून मी नवे बांधतच नाही. जा. आधी घरी विचारून ये, बाण कसा बघतात."

हरबाने घरी जाऊन विचारलं. गुणाने हातातली टोपली खाली ठेवली.

"अहो, तसं नव्हतं करायचं! बाणाची दोन टोकं दोन दगडांवर ठेवायची. मधोमध अर्ध्या शेराचं वजन टांगायचं. दोन बोटं खाली वाकला की तो नेमका. कमी वाकला तर नको, जास्त वाकला तर नको. हे घ्या अर्ध्या शेराचं वजन. आणि जा."

"बरं. आता ध्यानात ठेवतो."

आणि हरबाने ध्यानात ठेवलं. वजन सुतळीला बांधून तो निघाला.

वाटेत चावडीपुढे पाटील भेटले. जत्रेचा मांडव घालायचं काम चाललं होतं. गेल्या वर्षीच्या वेळूंची रास पडली होती. पाटील म्हणाले, "हरबा, रिकामा दिसतोस. मांडवावर आडवे टाकायला यातले वेळू निवडून दे."

हरबाने दोन दगड शोधले. पहिला वेळू ठेवला. मनगटाएवढा जाड. अर्ध्या शेराने तो हललासुद्धा नाही. हरबाने तो बाजूला फेकला. असे चाळीस फेकले. मग शेंड्याकडचे बारीक वेळू निघाले. टांगलं वजन, वाकले दोन बोटं. हरबा हसला. असे सोळा निवडून त्याने गड्यांना दिले. गड्यांनी विचार केला, पाटलांनी माणूस नेमलाय, आपल्याला काय करायचंय. त्यांनी ते चढवले आणि वर जांभळीचे टहाळे टाकले.

संध्याकाळी पाटील आणि पंच मांडवात पाणी प्यायला बसले. पंच पाच होते. थोड्या वेळाने एकही दिसेना. नुसते टहाळे दिसत होते आणि ते हलत होते.

सगळ्यांत आधी पाटील बाहेर आले. फेटा आतच राहिला होता.

"हरबा! लेका, कसले वेळू निवडलेस?"

"नेमके, पाटील. अर्ध्या शेराला दोन बोटं."

पाटलांनी अंगावरचे टहाळे झटकले. मग ते समजावून सांगू लागले, कारण पंचांसमोर शिवी देता येत नव्हती. "अरे, लांब काडी वाकणारच. तीच आखूड तोडली की ताठ होते. वाकतेय असं दिसलं की तोडावी. वाकायची थांबेपर्यंत तोडत जावी. शेंबड्या पोराला कळतं हे!"

"बरं, पाटील. आता ध्यानात ठेवतो."

आणि हरबाने ध्यानात ठेवलं.

जत्रेच्या आदल्या दिवशी तो नारूबांकडे पोचला. नारूबांनी त्याला बाणांपासून चार हात दूर बसवलं. "सांग, कसा बघायचा?"

हरबाने बरोबर सांगितलं. बरोबर करूनही दाखवलं. दोन दगड, मधोमध अर्धा शेर. तिन्ही बाण दोन-दोन बोटं वाकले. ना जास्त, ना कमी.

"शाब्बास!" नारूबा म्हणाले. त्यांना खरंच आनंद झाला. त्यांनी बाण दिले.

हरबा घरी आला. गुणा मागच्या दारी होती. तो अंगणात बसला आणि बाणांकडे बघू लागला. बाण नेमके होते. पण वाकत होते. त्याने आतून कोयता आणला. पहिल्या बाणाचं शेपूट तोडलं. वाकवून बघितला. अजून वाकत होता. आणखी तोडला. वीतभर उरला तेव्हा वाकायचा थांबला. मग दुसरा घेतला. तोही थांबला. तिसऱ्याचा चार बोटं तुकडा उडाला, तेवढ्यात गुणा बाहेर आली.

"अहो! थांबा!"

तिने बाण हिसकावून घेतला. जमिनीवर दोन वीतभर काड्या पडल्या होत्या, दात कोरायला जाड आणि दुसऱ्या कशालाही बारीक.

"हे काय केलंत?"

"वाकत होते गं. पाटील म्हणाले, वाकायची थांबेपर्यंत तोडत जावी."

गुणा ओरडली नाही. ती उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, "इकडे या. हे शेवटचं सांगते. बाण पाटलांच्या मापाचा नसतो. माझ्या मापाचा असतो. माझ्या छातीपासून पसरलेल्या हाताच्या बोटांपर्यंत लांब. माझ्या करंगळीएवढा जाड. अर्ध्या शेराला दोन बोटं वाकणारा. तेवढाच माझ्या कामाचा. लांब असेल तर या मापाला तोडायचा, जाड असेल तर तासायचा, आणि बाकीची काडी फेकून द्यायची. कळलं?"

"बाकीची फेकून द्यायची," हरबा म्हणाला. त्याने सुतळी आणली, तिच्या छातीपासून बोटांपर्यंत धरली आणि माप घेऊन गाठ मारली. इतकी काळजी त्याने याआधी कशाचीच घेतली नव्हती. "आता ध्यानात ठेवतो."

आणि हरबाने ध्यानात ठेवलं.

उरला एक बाण, चार बोटं आखूड. गुणाने उडालेल्या तुकड्यावरची पिसं काढून त्याच्या शेपटाला बांधली आणि नवी खाच पाडली. आखूड झाला म्हणून ताठ झाला. गुणाने तो पेंढ्याच्या भाऱ्यावर सोडून बघितला. डावीकडे गेला. तिने वडिलांच्या मासे धरायच्या जाळ्यातलं थोडं शिसं काढलं आणि बाणाच्या टोकामागे गुंडाळलं. टोक जड झालं की काडी सुटताना जास्त वाकते. पुन्हा सोडला. आता थोडासाच डावीकडे. आणखी एक वेढा शिसं. या वेळी भाऱ्याच्या मधोमध.

हरबा लक्ष देऊन बघत होता. "टोकाला शिसं लावलं की..." त्याने सुरुवात केली.

"तुम्ही हे बघितलं नाही," गुणा म्हणाली. "हे ध्यानात ठेवायचं नाही."

"बरं," हरबा म्हणाला.

जत्रेला सगळं गाव बनाच्या तोंडाशी जमलं. जालिंदरने डोळे बाहेर काढून तीन बाण सोडले. तिन्ही बनात गेले आणि कुठेतरी पक्षी ओरडले. आणखी अकरा घरं झाली. भोपळा तसाच.

गुणा पुढे आली. एक बाण बघून कोणीतरी म्हणालं, "वहिनी, दोन घरी विसरल्या का?"

"एकच भोपळा आहे ना, भाऊजी?" गुणा म्हणाली.

तिने हलकं धनुष्य ओढलं. आखूड बाणाचं टोक अगदी मुठीपाशी आलं. तिने श्वास धरला. हरबाने तर दोन्ही हातांनी नाक धरलं. बाण सुटला आणि भोपळ्यातले खडे खळाखळा खाली पडले.

चिमाबाई काठी टाकून उठल्या आणि पुन्हा बसल्या. पाटलांनी गुणाच्या दोन्ही तळहातांना हळद लावली. ही तिसरी रीत. ज्या हाताने भोपळा फोडला, त्या हाताने दुसऱ्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत लोखंडाला शिवायचं नाही. कोयता घरच्या दुसऱ्या माणसाने धरायचा.

दुसरं माणूस कोण, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

पहाटे हरबा कोयता घेऊन दारात उभा राहिला. म्हणाला, "गुणा, काय करायचं ते सांग."

गुणाने तोंड उघडलं. तिला नांगराच्या दांड्यासारखे बाण आठवले. गव्हाणीतली आई आठवली. नारूबांची जुडी, पाचही पंच आठवले. जेव्हा जेव्हा सांगितलं, तेव्हा तेव्हा घात झाला. आज सांगितलंच नाही तर? वेळू तोडायला काय सांगावं लागतं? बनात वेळूशिवाय आहे काय?

ती म्हणाली, "आज मी काही सांगत नाही. तुम्हाला येतं सगळं."

हरबाचा ऊर भरून आला. असं त्याला आजवर कोणी म्हणालं नव्हतं.

दिवसभर बनातून खटाखट, खटाखट आवाज येत राहिला. शेजारणी म्हणाल्या, "राबतोय गं तुझा नवरा." हातांची हळद जाऊ नये म्हणून गुणाने पायाने ढकलून अंगण मोकळं केलं. लांब वेळू कुंपणाला टेकवायचे, मधले ओसरीत, कोवळे पाण्याच्या डोणीत भिजत घालायचे, असं तिने ठरवलं. आधी पन्नास सुपं. मग धान्याच्या कणग्या. चिमाबाई म्हणाल्या, "भावाला निरोप पाठव, आम्ही येत नाही म्हणून." निरोप गेलासुद्धा.

सूर्य मावळला. हरबा बनाबाहेर आला. त्याच्यामागे नारूबा, पाटील आणि निम्मं गाव आलं. हरबाच्या डोक्यावर एक भारा होता. फार मोठा नव्हता. त्याने तो अंगणात मधोमध ठेवला आणि सुतळी सोडली.

बाण होते. म्हणजे बाणांच्या काड्या. सारख्या लांब, सारख्या जाड, गुळगुळीत तासलेल्या. सहाशे.

नारूबांनी एक उचलली, बोटं फिरवली. दुसरी उचलली. दहा उचलल्या. "जन्मभर बाण बांधतोय," ते म्हणाले. "इतके एकसारखे माझ्या हातून कधी झाले नाहीत."

"प्रत्येकाला अर्धा शेर टांगून बघितला," हरबा म्हणाला.

"आणि बाकीचा वेळू?" पाटलांनी विचारलं.

"लांब होता तो तोडला. जाड होता तो चिरून तासला. बाकीचा बनातच फेकून दिला."

"अर्धं बन?"

"तिच्या मापाचं नव्हतं, पाटील."

गुणाने एक काडी घेतली आणि छातीपासून बोटांपर्यंत धरून बघितली. बरोबर. करंगळीशी लावली. बरोबर. वाकवली. ना कमी, ना जास्त. तिने नारूबांकडे बघितलं. नारूबांनी हळूच मान हलवली. गावात हलकं धनुष्य एकच.

चिमाबाई आत गेल्या आणि बोचकं बांधायला लागल्या.

हरबा वाट बघत होता. आता ती म्हणेल, अहो, तसं नव्हतं करायचं. पण गुणा या वेळी तसं म्हणाली नाही. म्हणणार तरी कसं? एकही काडी चुकलेली नव्हती.

हरबाला धीर आला. "वर्षाला तीन लागतात," तो म्हणाला. "दोनशे वर्षं आता बाणांची काळजी नाही, गुणा."

गुणाने हळदीचे हात मांडीवर ठेवले. अगदी हळू आवाजात विचारलं, "आणि सुपं? सुपं मी कशाची विणू?"

हरबा गोंधळला. त्याने भाऱ्याकडे बघितलं, बनाकडे बघितलं, मग पुन्हा तिच्याकडे बघितलं.

"अगं," तो म्हणाला, "त्याचं माप तू दिलंच नव्हतंस."